विलंबाचा हिशेब : मोबाईलवरून होणारे थेट आणि संवादी चित्रप्रक्षेपण

पुण्यातील अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे चलचित्र मोबाईल फोनवरून दूरच्या माणसापर्यंत पोहोचवण्याच्या दोन रीती आज रूढ आहेत. लक्ष्मी रस्त्यावर उभा असलेला मंडळाचा कार्यकर्ता यूट्यूब, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर ‘लाईव्ह’ जातो आणि ते चित्र एकाच वेळी हजारो लोक पाहतात. त्याच्या शेजारी उभी असलेली दुसरी एखादी व्यक्ती व्हिडिओ कॉल लावून तीच मिरवणूक परगावच्या किंवा परदेशातल्या नातलगांना दाखवते. दोघांच्या हातांतील फोन एकाच बनावटीचे असू शकतात, दूरसंचार कंपनीचा मनोराही एकच असू शकतो. तरी पहिल्याचे चित्र पाहणाऱ्यापर्यंत पोहोचायला दहा, वीस, प्रसंगी तीस सेकंद लागतात आणि दुसऱ्याचे सेकंदाच्या लहानशा अंशात पोहोचते. मिरवणुकीच्या मार्गावरच ज्यांचे घर आहे त्यांना ही तफावत कानांनी कळते, कारण खिडकीतून ऐकू आलेला ढोलाचा ठोका पडद्यावर उमटेपर्यंत पथक चार पावले पुढे सरकलेले असते. या तफावतीमागे तंत्रज्ञांची ढिलाई नसून विचारपूर्वक केलेली एक देवघेव आहे आणि मोबाईलवरील थेट चित्रप्रक्षेपणाचे बहुतेक सगळे तंत्र त्या देवघेवीभोवती फिरते.

संवादी चलचित्रात पाहणाऱ्याच्या बोलण्याने पुढचे चित्र बदलू शकते. ‘जरा डावीकडे फिरव, मूर्ती दिसत नाही’ असे पलीकडून कोणी म्हणावे आणि फोन लगेच डावीकडे वळावा, एवढे जमले की ते प्रक्षेपण संवादी झाले. यासाठी किती वेळ परवडतो याचा अंदाज दूरध्वनीच्या अभियंत्यांनी फार पूर्वी बांधलेला आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाच्या, आत असेल तर बोलणाऱ्यांना तो जाणवत नाही. ४०० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरू करतात. फोनच्या कॅमेऱ्यावर प्रकाश पडल्यापासून पलीकडच्या पडद्यावर चित्र उमटेपर्यंतची सगळी कामे या मर्यादेत बसवायची असतात.

पुणेकरांना थेट चित्राची ओळख झाली ती संवादाच्या या अपेक्षेशिवाय. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. ते चित्र केवळ एकाच दिशेने वाहणारे होते आणि प्रेक्षकाचे म्हणणे केंद्रापर्यंत पोहोचायचे ते पत्राने. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर जे शैक्षणिक वर्ग सुरू केले, त्यांचे कार्यक्रम घडवणाऱ्या आरंभीच्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचे केंद्र होते. तेथेही शिक्षकाला विद्यार्थी दिसत नसे. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या एज्युसॅट या उपग्रहाने देशभरातल्या वर्गखोल्यांना उलट प्रश्न विचारण्याची सोय मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली. पण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे संदेशाला वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागे आणि प्रश्नोत्तराच्या एका फेरीत अर्धा सेकंद केवळ अंतराळात खर्च होई. शिवाय त्यासाठी अँटेना, प्रशिक्षित माणूस आणि ठरवून दिलेली वेळ हवी असे. हे सगळे खिशातल्या एका उपकरणात येणे ही त्या मानाने अगदी अलीकडची घटना आहे.

२००७-०८ च्या सुमारास क्विक आणि बॅम्ब्यूझर यांसारख्या सेवांनी नोकियाच्या फोनवरून थेट चित्र पाठवणे शक्य करून दाखवले होते, पण तेव्हाच्या भारतीय मोबाईल जाळ्यांत एवढी माहिती वर चढवण्याची ताकद नव्हती. एअरटेलने ऑक्टोबर २०१२ मध्ये पुण्यात फोर-जी सेवा आणली, तेव्हा कोलकाता आणि बंगळूरनंतर ती मिळालेले पुणे हे तिसरे शहर होते. परंतु आरंभी ती मुख्यतः संगणकाला जोडायच्या डोंगलपुरती होती. खरी कलाटणी २०१६ मध्ये मिळाली. फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय त्या वर्षी सर्वांना खुली केली. रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला, सुरू झाली आणि वर्षअखेरपर्यंत तिचा डेटा फुकट होता. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. लाईव्ह आणि कॉल या दोन्ही वाटा पुण्यातल्या सामान्य माणसाला अशा प्रकारे एकाच वर्षात मिळाल्या.

चित्राच्या प्रवासातली पहिली अडचण त्याच्या आकारमानाची असते. फोनचा कॅमेरा १२८० गुणिले ७२० बिंदूंचे चित्र सेकंदाला ३० वेळा टिपत असेल आणि प्रत्येक बिंदूचा रंग सांगायला २४ बिट लागत असतील, तर दर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट तयार होतात. मानवी डोळा उजेड-अंधारातला फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातला टिपत नाही, या गुणाचा फायदा घेऊन चार-चार बिंदूंना मिळून एकच रंग दिला जातो आणि ओझे निम्म्यावर येते. तरीही उरलेल्या ३३ कोटी बिटांचे २०-३० लाख केल्याशिवाय ते मोबाईलच्या जाळ्यातून वर जाऊ शकत नाहीत. हे काम फोनमधील एन्कोडर नावाचा विशेष भाग करतो आणि त्यासाठी बहुधा २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत वापरली जाते. तिचे मूळ तत्त्व असे की, एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि त्यानंतरच्या चित्रांतून केवळ बदल पाठवायचे. चित्राचा अमुक चौकोन मागच्या चित्रातल्या तमुक जागेवरून सरकून आला आहे, एवढी सूचना दिली की त्या चौकोनातले बिंदू पुन्हा पाठवावे लागत नाहीत.

ही युक्ती व्याख्यानाच्या चित्राला उत्तम लागू पडते, कारण तेथे भिंत, फळा आणि टेबल जागचे हलत नाहीत. मिरवणुकीत मात्र तिची पुरती दमछाक होते. उधळलेल्या गुलालाचा प्रत्येक कण, पुष्पवृष्टीतली प्रत्येक पाकळी आणि फडकणाऱ्या ध्वजाची प्रत्येक चुणी वेगळ्या दिशेने, वेगळ्या गतीने हलते, त्यामुळे मागच्या चित्रावरून पुढचे चित्र ओळखणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. दिलेल्या बिटांत एवढे तपशील मावत नाहीत म्हणून एन्कोडर बारकावे टाकून देतो आणि नेमक्या रंगलेल्या क्षणी पडद्यावर चौकडीचे ठोकळे दिसू लागतात. प्रेक्षक अशा वेळी कॅमेऱ्याला दोष देतात, पण त्याच फोनमध्ये साठवलेले त्याच क्षणाचे चित्रण पाहिले तर ते स्वच्छ असते. साठवणुकीसाठी बिटांची चैन परवडते, पाठवणीसाठी नाही.

येथेच विलंबाच्या हिशेबातली पहिली निवड करावी लागते. चित्रण साठवताना किंवा दूरदर्शनसाठी तयार करताना एन्कोडर काही चित्रे मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बांधू शकतो आणि त्यामुळे बिट बरेच वाचतात. परंतु पुढच्या चित्राचा आधार घ्यायचा तर ते टिपले जाईपर्यंत थांबावे लागते. व्हिडिओ कॉलमध्ये ही सोय सहसा नाकारली जाते. तसेच मोठ्या प्रक्षेपणात दर दोन-तीन सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवले जाते, म्हणजे उशिरा आलेल्या प्रेक्षकाला तेथून पाहायला सुरुवात करता येते, तर कॉलमध्ये पलीकडच्या फोनने ‘मधला भाग हरवला, पूर्ण चित्र पाठव’ अशी मागणी केली तरच ते बहुधा पाठवले जाते. ते येईपर्यंत माणसांचे चेहरे ओघळल्यासारखे दिसतात, हे कॉल करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

आवाजाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि पुण्यासारख्या गाण्या-वाजवण्याच्या शहरात तिच्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. आवाजाला चित्राच्या मानाने फार थोडे बिट लागतात. २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही पद्धत आवाजाचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करते आणि सेकंदाला काही दशसहस्र बिटांत बोलणे चांगले पोहोचवते. अडचण असते ती त्यापूर्वी फोन स्वतःहून करत असलेल्या संस्कारांची. कॉल म्हणजे बोलणे असे गृहीत धरून फोन तीन गोष्टी करतो: पलीकडचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला तर तो वजा करतो, म्हणजे प्रतिध्वनी दाबतो, फार मोठा आवाज कमी आणि फार लहान आवाज मोठा करतो, आणि माणसाच्या बोलण्यासारखा न वाटणारा सगळा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतो. ढोल-ताशाच्या पथकापुढे धरलेल्या फोनच्या दृष्टीने समोर चाललेले सगळेच गोंगाटात जमा असते. ढोलाचा घुमारा कापला जातो, ताशाची तर्री तुटक ऐकू येते आणि कॉल करणारी व्यक्ती मध्येच ‘दिसतंय का?’ असे ओरडली की तेवढेच शब्द लख्ख ऐकू येतात. लाईव्ह प्रक्षेपणात हे संस्कार तुलनेने कमी असल्याने तेथे ढोल बराचसा ढोलासारखा वाजतो.

ढोलाच्या नेमकी उलट अडचण तंबोऱ्याची आहे. पुण्यातले अनेक गायनशिक्षक स्काईपच्या काळापासून परदेशातल्या शिष्यांना शिकवत आले आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर गावातले शिष्यही पडद्यावर गेले. तंबोऱ्याचा सूर अखंड आणि एकसारखा असतो. पंख्याची घरघरही तशीच असते. एकसारखा चालू राहणारा आवाज तो गोंगाट, हा नियम लावणारे यंत्र काही सेकंद तंबोरा ऐकते आणि मग तो हळूहळू पुसून टाकते, त्यामुळे पलीकडच्या शिष्याला गुरूचा गळा ऐकू येतो, पण ज्या षड्जावर तो उभा आहे तो आधारच नाहीसा होतो. झूमने २०२० मध्ये संगीतासाठी वेगळी ध्वनिव्यवस्था दिली आणि ‘ओरिजिनल साऊंड’ हा पर्याय गायन-वादनाच्या वर्गांत परवलीचा झाला. तो चालू करायचा तर प्रतिध्वनी टाळण्यासाठी दोन्ही बाजूंनी कानांत हेडफोन घालावे लागतात आणि ते तारेचेच असावे लागतात, कारण ब्लूटूथचे हेडफोन स्वतःच शंभर ते दोनशे मिलिसेकंदांची भर घालतात. संवादासाठी परवडणारा सगळा विलंब त्यातच संपतो.

आकसलेले चित्र आणि आवाज फोनमधून बाहेर पडतात रेडिओलहरींवरून, आणि गर्दीतल्या प्रक्षेपणाचा सगळ्यात कच्चा दुवा हाच असतो. दूरसंचार मनोऱ्यावरील यंत्रणा काही दहा वॉट शक्तीने बोलते, तर फोन जास्तीत जास्त सुमारे पाव वॉटाने उत्तर देतो. मोबाईलची जाळीही पाहणाऱ्यांच्या सोयीने आखलेली असतात, पाठवणाऱ्यांच्या नव्हे. भारतात वापरल्या जाणाऱ्या २३०० मेगाहर्ट्झच्या फोर-जी पट्ट्यात आणि ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फाईव्ह-जी पट्ट्यात वर जाणारी आणि खाली येणारी माहिती एकाच लहरीवर आळीपाळीने धावते आणि त्या वेळेचा साधारणतः तीन-चतुर्थांश हिस्सा खाली येणाऱ्या माहितीसाठी राखलेला असतो. एरवी ही विभागणी योग्यच आहे, कारण शंभर माणसे चित्रपट पाहत असतात तेव्हा एखादाच काही पाठवत असतो. परंतु मानाचे गणपती बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात किंवा अलका टॉकीजच्या चौकात येतात, त्या वेळी ही गृहीतके उलटी होतात: एका मनोऱ्याच्या टापूत हजारो फोन एकाच क्षणी उंचावले जातात आणि त्यांतले बरेचसे काही ना काही वर पाठवत असतात.

अशा वेळी फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि तरी चित्र अडकते, याचे अनेकांना कोडे वाटते. फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या फक्त मनोऱ्याचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतो हे सांगतात. फोनचा आवाज मनोऱ्याला ऐकू जातो का आणि गेलाच तर त्याला बोलायची पाळी किती वेळाने मिळते, हे त्यांतून कळत नाही. हजारो फोन एकदम बोलू लागले की मनोऱ्याच्या दृष्टीने पार्श्वभूमीचा गलका वाढतो, दुबळे फोन त्यात बुडून जातात, आणि मधे उभ्या असलेल्या माणसांची शरीरेही लहरींची काही ऊर्जा शोषून घेतात. दुतर्फा इमारती असलेला अरुंद रस्ता, वरून ओथंबलेली गर्दी आणि सुमारे तीस तास चालणारी मिरवणूक यांचा विचार करता, मोबाईल जाळ्यांची कसोटी पाहण्यासाठी लक्ष्मी रस्त्याहून कठीण जागा शोधणे अवघड आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाईव्ह-जीचा प्रारंभ झाला आणि नवे, रुंद पट्टे मिळाल्याने जागा वाढली, पण विभागणीचे तत्त्व बदललेले नाही. वृत्तवाहिन्यांचे वार्ताहर पाठीवर जी पेटी वागवतात, तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांची अनेक सिमकार्डे एकत्र काम करतात आणि चित्राचे तुकडे ज्या वाटेने जागा मिळेल त्या वाटेने जाऊन पलीकडे पुन्हा जुळवले जातात; एका कंपनीचे जाळे तुंबले तरी चित्र थांबत नाही. उपग्रहाची थाळी वागवणाऱ्या ओबी व्हॅनची कितीतरी कामे आता या पेटीने उचलली आहेत.

मनोऱ्याच्या पलीकडे गेल्यावर लाईव्ह आणि कॉल यांच्या वाटा खऱ्या अर्थाने फुटतात. इंटरनेटवर माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांनी जाते आणि ते तुकडे नेण्याचे दोन मुख्य करार आहेत. टीसीपी हा करार रजिस्टर टपालासारखा आहे: प्रत्येक तुकड्याची पोच घेतली जाते, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो आणि तो येईपर्यंत मागचे सगळे तुकडे रांगेत थांबतात. यूडीपी या करारात पोच नाही आणि रांगही नाही. जे पोहोचले ते पोहोचले. कॉलची यंत्रणा मुख्यत्वे यूडीपी निवडते, कारण अर्ध्या सेकंदापूर्वीचा हरवलेला शब्द आता आणून उपयोग नसतो, त्याऐवजी आत्ताचा शब्द वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते. प्रत्येक तुकड्यावर आरटीपी या पद्धतीने अनुक्रमांक आणि वेळ यांचे शिक्के मारलेले असतात. मागेपुढे आलेले तुकडे पलीकडचा फोन काही क्षण थोपवून त्या शिक्क्यांच्या क्रमाने लावतो, आणि थोपवण्याचा हा अवधी जाळ्याच्या लहरीप्रमाणे कमी-जास्त करत राहतो. तुकडे पोहोचायला लागणारा वेळ वाढत चालला की वाटेत कोठेतरी साठा तुंबत असल्याचे ओळखून पाठवणारा फोन चित्राचा दर्जा आपणहून उतरवतो. या सगळ्या पद्धती ब्राउझरमध्ये एकत्र आणणारी वेबआरटीसी ही यंत्रणा गूगलने २०११ मध्ये खुली केली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती अधिकृत प्रमाण ठरली.

लाईव्ह प्रक्षेपणाला ही रीत पेलत नाही. पाच जणांच्या कॉलमध्ये प्रत्येक फोनने इतर चौघांना वेगळे चित्र पाठवायचे म्हटले तर त्याला चार प्रती वर चढवाव्या लागतील. म्हणून मध्ये एक सर्व्हर बसवतात, फोन त्याच्याकडे एकच प्रत देतो आणि तो ती इतरांना वाटतो. पण या सर्व्हरला प्रत्येक पाहणाऱ्याशी क्षणाक्षणाचा संपर्क ठेवावा लागतो, आणि पाहणारे लाखभर झाले की हे काम अतिशय खर्चिक होते. अ‍ॅपलने २००९ मध्ये आयफोनसाठी आणलेल्या एचएलएस या पद्धतीने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. तिने वाहत्या चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याची एक साधी फाईल केली, जी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील छायाचित्राप्रमाणे जागोजागच्या सर्व्हरांवर साठवून कितीही लोकांना देता येते. प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवला जातो आणि पाहणाऱ्याचा फोन आपल्या नेटच्या वेगाप्रमाणे त्यातला एक उचलतो. किंमत अर्थातच वेळेत मोजावी लागते: आरंभीच्या शिफारशीप्रमाणे दहा सेकंदांचा एक तुकडा धरला आणि पाहणाऱ्याने सुरक्षिततेसाठी तीन तुकडे हाताशी ठेवले, तर अर्धा मिनिट तेथेच गेला. पुढे तुकडे लहान होत गेले, २०१९ मध्ये अ‍ॅपलने अपुरा तुकडाही पुढे पाठवण्याची सोय आणली आणि विलंब काही सेकंदांपर्यंत खाली आला, परंतु कॉलच्या जवळ तो अजूनही जात नाही.

याचा परिणाम लाईव्ह बोलणाऱ्याला फार विचित्र रीतीने जाणवतो. प्रेक्षकाने टाइप केलेली प्रतिक्रिया एखाद्या सेकंदात बोलणाऱ्याच्या पडद्यावर येते, पण चित्र प्रेक्षकाकडे पंधरा सेकंदांनी जाते. ‘आवाज येतोय का?’ असे विचारून बोलणारा थांबतो, कोणीच उत्तर देत नाही असे वाटून पुन्हा विचारतो, पुढचा विषय सुरू करतो, आणि मग ‘हो, येतोय’ अशा उत्तरांची रांग लागते. या प्रतिक्रियांना संवाद म्हणणे थोडे उदारपणाचे आहे. पत्रोत्तराच्या जुन्या कार्यक्रमांचीच ती झटपट आवृत्ती होय. म्हणून ज्या सेवा प्रेक्षकांपैकी एखाद्याला पाहुणा म्हणून पडद्यावर बोलावू देतात, त्या सहसा दोन्ही वाटा एकत्र वापरतात: बोलणारा आणि पाहुणा यांच्यात कॉलची यंत्रणा चालते, आणि दोघांचे जुळवलेले चित्र बाकीच्या हजारोंना तुकड्यातुकड्यांनी, उशिरा दिले जाते.

कोणत्या प्रसंगाला कोणती वाट हवी याचा धडा २०२० च्या गणेशोत्सवाने दिला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पुण्यात विसर्जन मिरवणूक निघाली नाही. मंडळांनी दर्शनाची सोय ऑनलाईन केली, आणि श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे एरवी जी रांग लागते ती पडद्यांसमोर गेली. दर्शनाला विलंबाने काहीच बाधा येत नाही. मूर्ती जागची हलत नाही, पाहणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते आणि वीस सेकंद जुने दर्शनही दर्शनच असते; तेथे एचएलएससारखी पद्धतच योग्य. घरच्या गणपतीच्या प्रतिष्ठापनेचे तसे नव्हते. २२ ऑगस्टला चतुर्थी आली तेव्हा अनेक गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून पूजा सांगितल्या, आणि पूजा सांगणे ही पायरीपायरीने चालणारी संवादी क्रिया आहे: यजमानाचे नाव-गोत्र विचारून संकल्प करायचा, आचमन झाले का ते पाहायचे, दूर्वा वाहून होईपर्यंत थांबायचे. दोन-तीनशे मिलिसेकंदांचा विलंब यात सहज खपून जातो, वीस सेकंदांचा खपला नसता.

पूजेनंतरची आरती मात्र कॉललाही झेपली नाही. पुणे, नागपूर आणि कॅलिफोर्निया येथील घरांनी एकत्र आरती म्हणायची ठरवली की दुसऱ्याच ओळीला टाळ्या फिसकटतात, प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवाजासाठी किंचित थांबतो आणि सगळी आरती रेंगाळत जाते. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना साधारणतः २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा विलंब लय धरू देत नाही. हवेत आवाज एवढ्या वेळात दहा मीटरसुद्धा जेमतेम जातो. तीस मीटर लांबीच्या ढोलपथकात पहिल्या रांगेचा ठोका शेवटच्या रांगेला सुमारे नव्वद मिलिसेकंदांनी ऐकू येतो, म्हणूनच पथकातले वादक पुढच्या ठोक्यावर कान ठेवण्याऐवजी पथकप्रमुखाच्या हाताच्या खुणेवर नजर ठेवतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २५ मिलिसेकंदांत पाच हजार. केवळ या हिशेबाने पाहिले तर पुण्याला दुबईशी, फार तर सिंगापूरशी, एका लयीत गाता यावे. पण फोनच्या कॅमेऱ्यापासून आवाजाच्या तुकड्यांपर्यंतची सगळी कामे मिळूनच शंभरावर मिलिसेकंद घेतात, त्यामुळे पुणे-नागपूरसुद्धा जमत नाही. कॅलिफोर्नियाचे तर सरळ रेषेतले अंतरच तेरा हजार किलोमीटरांच्या वर आहे आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. तेथे फोन कितीही सुधारला तरी उपयोग नाही. एका घराने गावे आणि बाकीच्यांनी म्यूट होऊन आपापल्या घरी साथ करावी, ही त्या वर्षी रूढ झालेली तोड तंत्रदृष्ट्या अचूक होती.

२०२२ पासून मिरवणूक पुन्हा निघू लागली आणि लक्ष्मी रस्त्यावर फोनही पुन्हा उंचावले गेले. मंडपातून प्रक्षेपण करणाऱ्या मंडळांना ब्रॉडबँडची केबल घेता येते आणि ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून आवाज थेट उचलता येतो. रस्त्यावर चालणाऱ्या कार्यकर्त्याला यातले काहीच मिळत नाही. त्याने चित्राचा आकार एक पायरी खाली ठेवला, फोन सतत फिरवत न राहता एका जागी धरला आणि यूट्यूबच्या विलंबाच्या तीन पर्यायांपैकी सगळ्यात संथ पर्याय निवडला, तर पाहणाऱ्यांच्या फोनमध्ये काही सेकंदांचा साठा राहतो आणि वाटेत रेंज क्षणभर गेली तरी त्यांना ते कळतही नाही. अतिजलद पर्याय निवडणारे बहुतेक जण प्रतिक्रियांना उत्तरे देत नसतात, तेव्हा तो निवडून ते केवळ हा साठा गमावतात. कॉल करणाऱ्याला असा साठा ठेवण्याची सोयच नसते. जाळे तुंबले की यंत्रणा आधी चित्र धूसर करते, मग त्याची गती उतरवते, शेवटी ते थिजवते आणि उरलेली सगळी जागा आवाजाला देते. हा क्रम वापरणाऱ्यांच्या सवयीशी जुळणारा आहे, कारण चित्र थिजले तरी माणसे बोलत राहतात, आवाज गेला की मात्र कॉल कापून पुन्हा लावतात.